रॉसची राखीव जागा

पोर्ट कॅलम गावच्या हॉस्पिटलात पाऊल टाकण्याआधी माणसाला रॉस पेटिग्रूचं नाव वाचावं लागतं. इमर्जन्सीच्या दाराला अगदी खेटून गाडी लावायची एक जागा आहे, तिथे पाटी आहे आणि पाटीवर रॉस. हॉस्पिटलच्या मदतनिधीसाठी दर वर्षी थंडीच्या तोंडावर एक जेवण होतं, जेवणानंतर लिलाव होतो, आणि लिलावात ही जागा वर्षभरासाठी विकली जाते. ती रॉसच घेतो. त्याचा गाड्या विकण्याचा धंदा आहे, आणि हॉस्पिटलात त्याचं जाणं व्हायचं ते फोटो काढून घेण्यापुरतं. बाकी वर्षभर जागा रिकामी. लोक आजारी आईला धरून मागच्या आवारातून बर्फ तुडवत येतात आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत आत जातात. कुणी चुकून तिथे गाडी लावलीच, तर रॉस स्वतः पालिकेत फोन करून तक्रार करायचा. त्यामुळे पालिकेचा, दंडाच्या पावत्या फाडणारा ड्वाइट त्या जागेवर डोळ्यांत तेल घालून पहारा करत असे.

ग्लेंडा वाइकर्टला हे सगळं ठाऊक होतं. तरी फेब्रुवारीतल्या एका सोमवारी तिने आपली गाडी नेमकी तिथेच लावली, कारण रॉसनेच तिला तसं सांगितलं होतं. रॉस तिच्या शेजारच्या सीटवर बसला होता, छाती हाताने दाबून, डोक्यावर टॉवेल घेऊन.

टॉवेलचं कारण असं. ग्लेंडाचं पार्लर तिच्या घराच्या पुढच्या खोलीत. नवरा गेल्यापासून तिचं सगळं त्या एका खुर्चीवर चालायचं. सोमवारी दुकान बंद. आणि त्या बंद सोमवारीच, महिन्यातून एकदा, रॉस पेटिग्रू मागच्या दाराने यायचा. पिकअप चर्चमागे लावायचा, कॉलर वर करून गल्लीतून चालत यायचा आणि गुपचूप केसांना कलप लावून घ्यायचा. साठी ओलांडलेल्या माणसाने केस रंगवले तर कुणाच्या बापाचं काय जातं? पण या गृहस्थाने गावभर सांगून ठेवलं होतं की पेटिग्रूंच्या घराण्यात केस पिकतच नाहीत. दुकानाच्या जाहिरातीत तो गाडीच्या बॉनेटवर हात ठेवायचा आणि दुसरा हात केसांतून फिरवायचा. इतकं सगळं बोलून बसल्यावर त्या केसांना पिकायची सोय राहिली नव्हती.

ग्लेंडाला त्याच्याबद्दल आदर असा कधीच नव्हता. शाळेत तो तिच्या पुढच्या बाकावर बसायचा आणि तेव्हाही तो असाच होता. पण खुर्चीतली गोष्ट खुर्चीबाहेर जायची नाही, हा तिचा नियम होता. गावातल्या निम्म्या डोक्यांचा खरा रंग तिला माहीत होता, आणि तिने तो आजवर स्वतःच्या नणंदेलाही सांगितला नव्हता.

त्या सोमवारी कलप लावून झाला न झाला तोच रॉसचा चेहरा पांढरा पडला. छातीत कळ, डाव्या हातात कळ, अंगाला दरदरून घाम. ग्लेंडा फोनकडे धावली, तर त्याने तिचं मनगट पकडलं.

"अँब्युलन्स नको. सायरन वाजेल, सगळी गल्ली बाहेर येईल."

मरण दारात उभं आणि याला काळजी गल्लीची. ग्लेंडाने वाद घातला नाही. टॉवेल त्याच्या डोक्यावर टाकला, त्याला उचलल्यासारखं करून गाडीत कोंबलं आणि बर्फावरून जमेल तितकी जोरात गाडी हाणली. दारापाशी पोचल्यावर त्याने टॉवेलखालून बोट दाखवलं. "माझी जागा. तिथे लाव."

आत त्याला लगेच घेतलं. माणूस वाचला. ग्लेंडा बाहेर बाकावर बसून राहिली, हाताला कलप, अंगावर एप्रन. शेवटी एक नर्स निरोप घेऊन आली. रॉसने सांगितलं होतं की शार्लट, म्हणजे त्याची बायको, यायला निघाली आहे. तेव्हा ग्लेंडाने आता जावं, आणि शक्यतो मागच्या बाजूने जावं. एवढाच निरोप. आभाराचा एक शब्द त्यात नव्हता. ग्लेंडा लाँड्रीच्या दाराने बाहेर पडली, इमारतीला वळसा घालून गाडीपाशी आली, तर काचेवर दंडाची पावती खोचलेली.

दंड काही आभाळाएवढा नव्हता. भरून टाकला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि ग्लेंडा पहिल्या रात्री तेच करणार होती. पण तिला राग आला. ज्याची जागा तोच गाडीत, त्यानेच बोट दाखवलं, त्याचाच जीव वाचला, आणि भुर्दंड हिला. तिने पालिकेत तक्रार नोंदवली आणि हॉस्पिटलकडे दाखला मागितला. हॉस्पिटलने सांगितलं की कोण पेशंट आला, कुणी आणला, हे आम्ही कुणालाही सांगत नाही. आणि ते बरोबरच होतं. म्हणजे साक्षीदार एकच उरला.

रॉस घरी आल्यावर काही दिवसांनी ती त्याच्या दुकानात गेली. त्याने काचेचं दार लावून घेतलं आणि ती काही बोलायच्या आत पाकीट काढलं.

"मी भरतो ना. विषय संपव."

"पैसे नकोत. तू गाडीत होतास आणि जागा तूच सांगितलीस, एवढं पालिकेला कळव."

"आणि सोमवारी मी तुझ्याकडे काय करत होतो, असं कुणी विचारलं तर?"

ग्लेंडा त्याच्या डोक्याकडे बघत राहिली. नर्सने कलप मुरायच्या आत धुऊन टाकला होता. भांगाजवळ पांढरं डोकावायला लागलं होतं, आणि रॉसने घाईघाईने लोकरीची टोपी कानापर्यंत ओढली.

पोर्ट कॅलममध्ये फेब्रुवारीत दोनच उद्योग असतात, कर्लिंग, म्हणजे बर्फावर दगडी गोटे सरकवायचा खेळ, आणि दुसऱ्याच्या भानगडी. हॉस्पिटलातल्या भेटवस्तूंच्या दुकानात बसणाऱ्या लोइसने ग्लेंडाला लाँड्रीच्या दारातून निघताना पाहिलं होतं. ड्वाइटने गाडी पाहिली होती. रॉस त्याच दिवशी दाखल झाला, हे तर सगळ्यांनाच माहीत झालं होतं. कर्लिंग क्लबात या सगळ्याची बेरीज व्हायला एक संध्याकाळ पुरली. ग्लेंडाची नणंद बॉनी त्या क्लबात कॉफी ओतते. तिने दुसऱ्या दिवशी येऊन खुर्चीत बसकण मारली आणि झालं ते सांगितलं. कुणीतरी सगळ्यांसमोर रॉसला विचारलं होतं, सोमवारी दुपारी ग्लेंडाच्या गाडीत काय चाललं होतं रे? रॉसने खाली बघितलं, जरासा हसला आणि म्हणाला, सभ्य माणूस असल्या गोष्टी बोलत नसतो. मग कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला बिअर पाजली. हृदयाच्या पेशंटला.

"माझा भाऊ गेला त्याला आता बरीच वर्षं झाली," बॉनी म्हणाली. "तुला कुणी आवडला तर मी आधी केक करीन. पण रॉस पेटिग्रू? अगं, निदान डोळे तरी उघडे ठेवायचे."

ग्लेंडाला आधी हसू आलं. मग तिच्या ध्यानात आलं, आणि अंगाची लाहीलाही झाली. त्या माणसाला दोन गोष्टींतून एक निवडायची होती. केस पिकलेत हे लोकांना कळावं, की विधवा बाईशी लफडं आहे असं लोकांना वाटावं. त्याने लफडं निवडलं होतं, आणि वर त्यावर बिअरही प्यायली होती.

"काही नाहीये," ती बॉनीला म्हणाली.

"मग तो तुझ्याकडे कशाला आला होता?"

ग्लेंडाने कात्री पुसायला घेतली. बॉनीने भुवया उडवल्या आणि कोट चढवला.

त्यानंतर फोन यायला लागले. या आठवड्यात जमत नाही, पुढच्या आठवड्यात बघू, पाठ दुखतेय. बायका खोटं बोलायला लागल्या की पाठच दुखते. पण ग्लेंडाला लागला तो शार्लटचा फोन. शार्लट दर गुरुवारी यायची, खुर्चीत बसून मटारच्या वाफ्यांबद्दल आणि मुलीच्या घटस्फोटाबद्दल बोलायची. ती फोनवर सरळ म्हणाली, "मी आता येणार नाही, ग्लेंडा." आवाज चढवला नाही, काही विचारलं नाही. ग्लेंडा फोन हातात धरून उभी राहिली आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

आता दंड भरणं म्हणजे लोकांच्या बोलण्यावर शिक्का मारणं होतं. आणि खरं सांगणं म्हणजे आपल्या हाताने दुकानाला कुलूप लावणं. आज रॉसचा कलप चव्हाट्यावर आणला, तर उद्या तिच्या खुर्चीत डोकं कोण देईल? ग्लेंडाने दोन्ही केलं नाही. पालिकेने सुनावणीसाठी मार्चअखेरची तारीख दिली, ती तिने घेतली आणि वाट बघत बसली.

मधल्या एका सोमवारी मागचं दार वाजलं. डॉक्टरांनी रॉसला गाडी चालवायला बंदी केली होती आणि रोज चालायला सांगितलं होतं, तेव्हा तो चालत आला होता. टोपीखालून कानामागचे पांढरे केस दिसत होते. शार्लट त्याला जिथेतिथे गाडीने सोडायची, त्यामुळे दुसऱ्या गावी जाऊन गुपचूप काम उरकायची सोय नव्हती. औषधाच्या दुकानात कलपाचं खोकं घ्यावं तर गल्ल्यावर लोइसची भाची. ग्लेंडाने दाराची साखळी काढली नाही.

"पालिकेत खरं सांग, मग बस खुर्चीत."

"हे ब्लॅकमेल आहे."

"नाही, हे पार्लर आहे," ग्लेंडा म्हणाली. "आणि आज ते बंद आहे."

सुनावणी पालिकेच्या वरच्या मजल्यावर होती. गाडीच्या दंडाच्या सुनावणीला एरवी कुत्रं फिरकत नाही. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. बायका विणकाम घेऊन आल्या होत्या, क्लबातले पुरुष भिंतीला टेकून उभे होते. निकाल देणार होत्या मिस इनिस. त्या आता ऐंशीच्या घरात होत्या, पूर्वी शाळेत बाई आणि मग मुख्याध्यापिका होत्या आणि खोलीतले निम्मे लोक त्यांच्या हाताखालून गेले होते. जागा रॉसच्या नावावर म्हणून त्यालाही बोलावलं होतं. शार्लट त्याला घेऊन आली आणि त्याच्यापासून एक खुर्ची सोडून बसली.

मिस इनिसनी ग्लेंडाला विचारलं की गाडीत कोण होतं. ग्लेंडा म्हणाली की माझं एक गिऱ्हाईक होतं, त्याच्या जिवावर बेतलं होतं, आणि नाव मी सांगणार नाही. नाव नसेल तर दंड कायम करावा लागेल, असं मिस इनिस म्हणाल्या. ग्लेंडाने मान हलवली. मागे कुणीतरी खुसखुसलं. रॉस छताकडे बघत होता, जसं काही हे सगळं दुसऱ्याच कुणाचं चाललं होतं.

मिस इनिस त्याच्याकडे वळल्या. "रॉस, टोपी."

"बाई, थंडी आहे."

"हीटर चालू आहे. खोलीत टोपी घालून बसायचं नाही, हे मी तुला चौथीत सांगितलं होतं."

माणूस कितीही मोठा झाला, गावभर त्याच्या नावाच्या पाट्या लागल्या, तरी चौथीतल्या बाईंपुढे त्याचं काही चालत नाही. रॉसने टोपी काढली. भांगाच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं पांढरं, त्याच्याखाली विटलेला तपकिरी. सगळ्यांचे डोळे त्या डोक्यावरून हळूच ग्लेंडाकडे गेले, तिच्या हातांकडे गेले आणि परत डोक्याकडे आले. सोमवार, बंद दुकान, मागचं दार. क्लबातल्या पुरुषांची बेरीज चुकली होती, ती आता त्यांची त्यांनीच दुरुस्त केली. बॉनी विणकामात तोंड खुपसून हसत होती. ग्लेंडाने एक शब्द उच्चारला नव्हता.

"मीच होतो गाडीत," रॉस टोपीला म्हणाला. "जागा मीच सांगितली."

मिस इनिसनी दंड रद्द केला आणि सांगितलं की हे फेब्रुवारीतच बोलला असतास तर सगळ्यांचा वेळ वाचला असता. लोक उठायला लागले, तेवढ्यात शार्लट बोलली. ती बसूनच बोलत होती, पण सगळे जागच्या जागी थांबले.

"तुझ्या उशांचे अभ्रे मी धुते, रॉस. ते डाग कसले, हे मला पहिल्या महिन्यात कळलं होतं. केसांचं मला काहीच नव्हतं. तुझी हौस म्हणून मी गप्प राहिले. पण ‘ग्लेंडाशी माझं काही नाही’ एवढं एक वाक्य तू घरी बोलशील म्हणून मी रोज रात्री जेवताना वाट बघत होते. तू मीठ मागितलंस, लोणी मागितलंस. ते बोलला नाहीस. लोकांना तसं वाटतंय, हे तुला आवडत होतं."

मग ती ग्लेंडाकडे वळून म्हणाली, "गुरुवारी येते," आणि गाडीची किल्ली घेऊन निघून गेली. खाली इंजिन सुरू झाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. रॉसला घरी चालत जायचं होतं.

ग्लेंडाला वाटलं होतं की आपल्याला फार आनंद होईल. झाला नाही. तिला नुसती किळस आली होती आणि घरी जाऊन चहा प्यावासा वाटत होता. जिन्यावर रॉसने तिला गाठलं. टोपी पुन्हा डोक्यावर होती. क्षणभर तिला वाटलं, हा आता माफी मागणार. रॉसने वर बघितलं, खाली बघितलं, कुणी ऐकत नाही याची खात्री करून घेतली.

"मग सोमवारी येऊ ना?" तो कुजबुजला. "मागच्या दाराने?"

ग्लेंडाने कोटाची बटणं लावली.

"सोमवारी दुकान बंद असतं, रॉस."