गोठ्याच्या पायरीखालची अक्षरं

सोमवारी सकाळीच गेनोवेफानं शेजारच्या झेनॉनला ट्रॅक्टर घेऊन बोलावलं. गोठ्याची पायरी उचलायची होती.

"चांगली भक्कम आहे की, काकू. काय खुपतंय त्यात?" पहार रोवत झेनॉननं विचारलं.

"खालच्या बाजूला अक्षरं आहेत. ज्यूंची."

झेनॉन थांबला. "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"सात वर्षांची होते तेव्हापासून."

जर्मनांनी पोलंडमधल्या या गावातल्या ज्यूंना नेलं आणि त्यांच्या कबरस्तानातले दगड उपटून बाजाराचा रस्ता केला. युद्धानंतर तो रस्ता उखडला, तेव्हा ज्यानं त्यानं हाताला लागला तो दगड घरी नेला. तिच्या वडिलांनीही एक आणला. 'कुणाला बोलायचं नाही,' त्यांनी बजावलं होतं. तिनं पासष्ट वर्षं तोंड मिटून ठेवलं. आता कबरस्तानाची भिंत पुन्हा उभी राहत होती, आणि काल चर्चमध्ये पाद्र्यांनी सांगितलं होतं, दगड आणून द्या, कुणी काही विचारणार नाही.

दगड उलटला. माती धुतल्यावर दोन मेणबत्त्या आणि ओळीच्या ओळी काल कोरल्यासारख्या दिसल्या.

दगड ट्रॅक्टरवर घालून दोघं कबरस्तानात पोचले. तिथं नातान भेटला. इस्रायलमधल्या हैफाहून आलेला, तिच्याच वयाचा. आईकडून शिकलेली मोडकी पोलिश बोलणारा. तो आजीचा दगड शोधत होता. ट्रॅक्टर दिसताच लगबगीनं आला, गुडघे टेकून वाचू लागला.

"तुमची आजी?" गेनोवेफानं हळूच विचारलं.

"नाही. फ्रायदा, मेइरची मुलगी. लिहिलंय, भल्या पहाटे उठायची, दारी आलेल्याला उपाशी पाठवायची नाही."

"म्हणजे तुमच्यासारखीच, काकू," झेनॉन म्हणाला.

"गप्प बस. मी रोज तिच्यावर पाय देऊन दूध काढायला जात होते."

नातान उठला, पँटची माती झटकली. "तुम्ही दगड उपडा ठेवलात म्हणून अक्षरं टिकली, बाई. उघड्यावरचे दगड पाहा, पार झिजलेत."

फ्रायदाची कबर नेमकी कुठली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिघांनी मिळून दगड फाटकाजवळच्या रांगेत, बर्चच्या झाडाच्या सावलीत उभा केला. नाताननं हलक्या आवाजात प्रार्थना म्हटली. गेनोवेफानं पिशवीतून आपल्या झाडाची सफरचंदं काढली. तिघं भिंतीवर बसून खात राहिले. तिला फार हलकं वाटत होतं.

"अजून कुणाकडे आहेत?" नाताननं विचारलं.

"आहेत. कुणाकडे ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "झेनॉन, ट्रॅक्टरमध्ये डिझेल आहे ना?"