समसमान वाटणी

ताईने ‘डिलीट’ दाबलं, ‘नक्की?’ या प्रश्नालाही तोऱ्यात ‘हो’ म्हटलं आणि पेन ड्राइव्ह काढून कॉम्प्युटर पुन्हा नेहमीसारखा चालू केला.

घरात कॉम्प्युटर एकच. त्याची डिस्क बाबांनी फार पूर्वी दोघा भावंडांत वाटून दिली होती; डी हा भाग ताईचा, ई धाकट्याचा. वाटणी इतकी काटेकोर की दोन्ही भाग तंतोतंत सारखे. उद्या कुणी तोंड वाकडं करायला नको! ताईच्या इमारतींच्या नकाशांनी डी तुडुंब भरला, तेव्हा धाकटा म्हणाला होता, “माझा भाग पुसून टाक नि तुझा वाढव. माझं मी बाहेरच्या डिस्कवर ठेवलंय.”

आता पडद्यावर डी नव्हताच. ई मात्र जागच्या जागी होता आणि आत धाकट्याने स्वतः रचून, गाऊन ठेवलेली गाणी.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

“पेन ड्राइव्हवरून चालू केलं की कधी कधी भागांची अक्षरं बदलतात, ताई,” धाकटा पुटपुटला. “तिथे ई दिसला तो आपला डी असणार.”

“आणि हे तू आत्ता सांगतोस?”

आकारावरून ओळखावं म्हटलं तर तीही सोय बाबांनी ठेवली नव्हती. कितीतरी वर्षांचं काम गेलं, आणि उद्या समितीपुढे ठेवायचा शाळेचा नकाशाही. तिला बाबांच्या न्यायीपणाचा भयंकर राग आला.

“काय झालं गं?” बाबांनी दारातून विचारलं.

“याचं काय जातंय!” ती ओरडली. “याचं दोन्हीकडे शाबूत. बुडाले मी.”

धाकट्याने बाहेरची डिस्क जोडली आणि खुर्ची मागे घेतली.

“बघ.”

शाळा. दवाखाना. कालच्या दुरुस्त्यासुद्धा. सगळे नकाशे तिचेच.

“हिच्यात एकाचंच मावत होतं,” तो म्हणाला. “आणि तुझ्या हाताचा मला काडीचा भरवसा नाही.”

ताई डोळे पुसत हसली. मग हसता हसता थांबली.

“म्हणजे तुझं...”

त्याने मान खाजवली. “गाणीच तर होती.”

रिकाम्या जागेत केलेल्या नव्या डीवर नकाशे परत यायला लागले. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती.

“मग आता ई पुसायचा ना?” बाबांनी विचारलं.

“नाही,” ताई म्हणाली. तिने धाकट्याची खुर्ची ओढून पुन्हा आपल्या शेजारी घेतली. “लाव त्यातलं एक. मी अजून एकही ऐकलेलं नाही.”