रिकाम्या वर्गातले खरे

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. माझा जन्म गोडेतेलाच्या डब्यातून झाला. शिरूर कासार तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत तेजश्रीबाईंनी तो डबा कापला. एका बाजूला हिरव्या रंगाने ‘खरे’ आणि दुसऱ्या बाजूला लाल रंगाने ‘खोटे’ लिहून त्यांनी मला सुतळीने खिळ्याला टांगले. पत्र्याला तिसरी बाजू नसते, त्यामुळे माझे बोलणे तेवढेच.

बाईंना लोज्बान या भाषेचे भारी वेड. ही भाषा कुणाच्याच आईची नाही. तर्कशास्त्राच्या नियमांवर माणसांनी ती मुद्दाम तयार केली आहे. तिच्यातल्या ‘क्लामा’ला, म्हणजे ‘जाणे’ला, पाच जागा असतात: कोण, कुठे, कुठून, कोणत्या वाटेने आणि कशाने. जागा भरायच्या, वाक्य खरे की खोटे ते ठरवायचे आणि मला फिरवायचे. माझ्यासाठी मुलांची भांडणे लागत. तेव्हा मला फार आनंद व्हायचा.

बाईंना वाटले होते, मुले मामाचे गाव सांगतील, बाजार सांगतील. पण चौथीतल्या शिवकन्याने पाचही जागा झटकन भरल्या. “मी, कारखान्याला, वस्तीवरून, पाथर्डीच्या रस्त्यानं, ट्रॅक्टरनं.” बाकीच्यांनीही तेच सांगितले. बाईंनी मला हिरव्या बाजूकडे फिरवले आणि त्या दिवशी खेळ लवकर आटोपला.

दसरा झाला. ऊसतोडीला निघायचे दिवस आले. शिवकन्या नुकती कुठे वाचायला लागली होती. आता गेली तर सगळे विसरणार. बाईंनी तिच्या आईला, भिवराबाईंना, बोलावून घेतले.

“शिवकन्याला माझ्याकडं ठेवा. मी तिचं सगळं बघते.”

“बाई, तुमचं खरं हाय. पर आमी दोघं फडात गेल्यावर धाकट्याला कोपीवर कोण सांबाळंल?”

कोपी म्हणजे उसाच्या फडाजवळची पाचटाची झोपडी; तिथे धाकट्याला शिवकन्याच सांभाळणार होती. दुसऱ्या दिवशी शिवकन्याचा ट्रॅक्टर गेला, मागोमाग बाकीचेही गेले. वर्गात एकही मूल उरले नाही. मला रडावेसे वाटले, पण रडू आले नाही. मग काही वाटेनासेच झाले.

पुढे एक साहेब तपासणीला आले. त्यांनी दारातूनच विचारले, “इथल्या प्रत्येक मुलाला वाचता येतं ना?”

बाईंनी रिकाम्या बसकरांकडे पाहिले. “येतं साहेब. न येणारं एक मूल दाखवा, मी खोटी ठरेन.” आणि त्यांनी मला हिरव्या बाजूकडे फिरवले. तर्कशास्त्रात ते बरोबरच आहे. वाक्य खोटे पाडायला न वाचणारे एक तरी मूल लागते, आणि तिथे मूलच नव्हते.

“छान,” म्हणून साहेब गाडीत बसले.

मित्रांनो, मी अजून तशीच टांगलेली आहे. अंगावर धूळ आहे. मी चुकीचे काही सांगत नाही, म्हणून मला कोणी फिरवतही नाही. तुमच्यापाशी एकच मागणे आहे. कोणी ‘सगळी मुले’ म्हणाले, की मान डोलावण्याआधी उंबरा ओलांडा आणि आत एक तरी मूल आहे का, ते बघा.