खडा फिरवला तरी डाग हलेना

माझं डोकं लगेच तापतं, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. दागिना घडवताना बाबांनी चौथं माणिकही नापास केलं तेव्हा मी पुडी उचलली आणि तडक खडेवाल्या काकांकडे गेले. "आम्हाला काय खुळं समजलात? आतून ढगाळ माल खुशाल गळ्यात मारताय!"

काकांनी चारही खडे एकेक करून दिव्यासमोर धरले. लाल उजेड त्यांच्या बोटांवर स्वच्छ उतरला. "तूच बघ, बाई." मी बघितलं. ढग नाही, रेघ नाही. पण बाबांची नजर तर कधी चुकत नाही.

धावतच परतले. बाबा डावा डोळा मिटून पाचवा खडा खिडकीशी धरून बसले होते. डाव्यानं त्यांना लहानपणापासून अंधुकच दिसतं; खडे पारखायचे, कोंदणात बसवायचे, सगळं उजव्या डोळ्याच्या भरवशावर.

"हाही तसलाच," ते म्हणाले. "मधोमध काळं. उजेडच अडतोय. काय म्हणाला तो लबाड?"

"बाबा, खडा जरा फिरवा ना."

हे त्यांनीच मला शिकवलंय. दोष खड्यात असला की तो खड्याबरोबर फिरतो; डोळ्यात असला तर जागचा हलत नाही. त्यांनी चिमट्यातला खडा फिरवला. पुन्हा फिरवला. उलटा केला. मग चिमटा खाली घेऊन नुसत्या खिडकीकडे बघत राहिले.

"उठा. डॉक्टरकडे जाऊ. आत्ताच्या आत्ता!" मी ओरडलेच.

"थांब गं." त्यांनी खडा माझ्या हातात कोंबला. तापलेलं सोनं हातावर पडलं तरी 'हात्तिच्या' म्हणून पुढे काम करणारा हा माणूस. आज तो माझी बाही सोडत नव्हता. "तू बघ. नीट बघ हं."

मी खडा खिडकीशी धरला. उजेड आरपार आला, सरळ माझ्या डोळ्यात.

"आहे ना ढग?" बाबांनी विचारलं. "आहे म्हण ना गं. एकदा म्हण."

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. मी त्यांचा हात घट्ट धरला.

"नाहीये, बाबा. चला, चपला घाला."