अडकण्याची हमी

वर्जिलच्या मनगटाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने पिस्तुलाची मोठी गोळी बंद केली. छोटी चालेल म्हणाला. म्हणजे पथ्यावरच्या माणसाला वरण-पाणी चालतं, तसं.

नवीन पिस्तूल घेणं सोपं होतं. म्हणून ते बाद. एकतीस वर्षांची मूठ, घासून घासून हाताएवढी झालेली, ती सोडायची नव्हती. किट घ्यायचं ठरलं: पिस्तुलाचा वरचा अर्धा भाग काढायचा, त्या जागी छोट्या गोळीचा बसवायचा. मोठ्या गोळीच्या बुडाला घोड्याचा ठोसा मधोमध बसतो, छोटीच्या कडेला. एवढ्या फरकावर माझा नवरा सहा आठवडे जेवताना बोलला.

खरी गोष्ट वेगळी होती. आमच्या नेमबाजी क्लबाच्या गुरुवारच्या संघात चारच जागा. कप्तान लेलंडने सांगून टाकलं होतं: तीस गोळ्या, तीनशे गुण; दोनशे साठच्या खाली आलास, तर जागा राखीव नोरीनची.

ओरिनचं बंदुकांचं दुकान. काउंटरवर दोन किटं.

"हे पोलादी," ओरिन म्हणाला. "काहीही खायला घाल, चालतं."

"आणि हे?"

"हे ॲल्युमिनियमचं. नखरेल आहे. एकाच जातीच्या गोळ्या चालतात, त्याही मूड असला तर. मधूनच अडकतं."

"किती मधून?"

"गड्या, गिऱ्हाईकं हे काळजीने विचारतात. तू आशेने विचारतोयस."

वर्जिलने नखरेल घेतलं.

"अर्डिथ, हलकं आहे ना," तो मला म्हणाला. "मनगटाला बरं."

"हो तर," मी म्हटलं. "मनगटालाच."

कारण आमच्या क्लबात एक शब्द आहे: ॲलिबाय. पिस्तूल अडकलं की ते तसंच ठेवायचं, हात वर करायचा. पंच येऊन बघतो आणि त्या पाच गोळ्या पुन्हा झाडायला मिळतात. सामन्यात एकदाच. शिवाय घरी जाताना सांगायला कारण मिळतं, ते कितीही वेळा. आमच्याकडे आजवर एकही पुरुष खराब खेळलेला नाही. पिस्तुलं खेळली आहेत.

गुरुवार. पंचवीस गोळ्या झाल्या. मी मागे बसून दुर्बिणीतून भोकांचे गुण मोजले: दोनशे चोवीस. उरल्या पाच, दहा सेकंदांत. छत्तीस हवे होते.

नऊ.

(अडक.)

आठ.

(अडक की बाई, एवढे पैसे घेतलेस.)

सात. इथे मनगट खाली गेलं, मला मागून दिसलं.

चार.

पाच.

एकदाही अडकलं नाही. ओरिनच्या दुकानातलं सर्वांत बेभरवशाचं किट त्या दिवशी शाळेतल्या हुशार मुलीसारखं वागलं.

"ॲलिबाय कोणाचा?" पंचाने नेहमीप्रमाणे विचारलं.

लेलंड शेजारच्याच जागेवर होता. तो वर्जिलकडे न बघता म्हणाला, "चौथ्या गोळीला काहीतरी अडकल्यासारखं वाटलं मला. तुला नाही वाटलं?"

पंच छताकडे बघू लागला. नोरीन बुटाची नाडी बांधू लागली. बूट बिननाडीचे होते. अख्खा क्लब एका माणसासाठी इतका आंधळा-बहिरा झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

वर्जिलने मनगट दुसऱ्या हाताने धरलं होतं. मला वाटलं, करतोय आता हात वर.

"नाही," तो म्हणाला. "नीट चाललं. मीच खाली गेलो."

दोनशे सत्तावन्न.

आमच्या क्लबात हे वाक्य कोणी कधी उच्चारलंच नव्हतं.

वर्जिलने किट उतरवलं, पुसलं आणि नोरीनपुढे ठेवलं.

"बघ हवं असेल तर. अगदी भरवशाचं आहे," तो म्हणाला. "दुर्दैवाने."