घिवलीच्या जीपची स्टेपनी

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. ज्यांच्या घरी चारचाकी नाही, त्यांच्यासाठी आधी समजावून सांगते. गाडीला पळायला चार चाकं लागतात. त्यांतलं एखादं वाटेत फुटलं, तर त्याच्या जागी लावायला एक जास्तीचं चाक बरोबर ठेवतात. तीच स्टेपनी. जीपच्या पाठीवर ती टांगलेली असते. त्यामुळे मला रस्ता नेहमी उलटा दिसला. पुढून काय येतंय ते कधी कळलं नाही, मागे पडलं तेवढंच पाहिलं.

रबर, काजळी आणि सुताचे थर एकावर एक रचून मला गरम साच्यात दाबलं होतं. बाहेर आले तेव्हा अंगावर खोल नक्षी होती. ती शोभेची नसते बरं का! ओल्या रस्त्याला चाकाने घट्ट धरावं म्हणून ती असते. पालघरच्या एका दुकानात आम्ही पाच टायर एकावर एक पडून होतो. घिवलीच्या आत्माराम तामोरेने आपल्या जुन्या जीपसाठी आम्हाला घेतलं. दुकानदाराने वरचे चार बसवले. मी सगळ्यांत खाली होते, म्हणून मी उरले. एवढ्यावरून माझं नशीब ठरलं.

आत्माराम होड्यांच्या इंजिनांचा फिटर. त्याचा थोरला भाऊ पंढरी हा घरच्या होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा प्रमुख. होडी आणि जीप दोघांची मिळून. सकाळी मासळीच्या टोपल्या भरायच्या, बोईसरवरून पालघरचा बाजार गाठायचा आणि दुपारी बर्फ घेऊन परत यायचं, हे जीपचं रोजचं काम. माझी चार भावंडं धावत, धुळीने माखत, संध्याकाळी दमून गरम होत. मी मात्र गार. शाळेत जाणारी मुलं येता-जाता मला थापट्या मारत, एवढाच काय तो माझा व्यायाम.

एकदा मात्र माझा दिवस उजाडला. बेटेगावच्या वळणावर मागचं उजवं चाक खिळ्यावर गेलं आणि आत्मारामने मला खाली उतरवलं. मी रस्त्याला टेकले! बर्फ वितळायच्या आत आम्ही घरी पोचलो. आत्माराम म्हणाला, "आज हिनं लाज राखली." दुसऱ्या दिवशी त्या चाकाचं पंक्चर निघालं आणि मी पुन्हा पाठीवर. आत्मारामच्या बायकोने, हिरावहिनीने, मला ताडपत्रीची खोळ शिवून घातली. कौतुकाने शिवली होती, पण आता मला उलटा रस्तासुद्धा दिसेना.

आता लाल गाडीची गोष्ट सांगते, कारण माझं सगळं दुःख तिच्यापाशी आहे.

सत्तर सालच्या आसपास अणुवीज केंद्राच्या कामावर एक परदेशी साहेब होता. त्याची दोन माणसांपुरती, बसकी, वरून उघडी अशी लाल स्पोर्ट्स कार होती. चिंचणीच्या रस्त्यावर ती एकदा बंद पडली. त्या वेळी आत्माराम विशीतला, हाताला तेलाचा वास नुकता लागलेला. त्याने पेट्रोलच्या नळीत अडकलेली वाळू काढली, इंजिन सुरू करून दिलं. साहेबाने पाठ थोपटली आणि किल्ली त्याच्याच हातात दिली. आत्मारामने ती गाडी चिंचणीपर्यंत नेली आणि परत आणली. पुढे साहेब मायदेशी गेला, गाडी विकली गेली. आत्माराम मात्र त्या आवाजात अडकून राहिला. तो म्हणायचा, "होडीचं इंजिन चाललं तर कोणी काय बोलत नाय. बंद पडलं की सगळे माझ्या नावानं ओरडतात. शाब्बासकी फक्त त्याच इंजिनानं मिळवून दिली."

बेटेगावचा दामू ट्रक चालवायचा. सौराष्ट्रातल्या महुव्याहून कांदा भरून तो बोईसरला आणायचा. त्र्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर तो सांगत आला, "आत्माराम, तुझी लाल बाय सापडली! महुव्याला एका शेठच्या आवारात उभी हाय. इंजिन गंजून धरलंय, बॉनेटवर कोंबड्या बसतात. शेठ म्हणतो, ज्याला हवी त्यानं ओढून न्यावी, चहापाण्याचं बघू."

त्या दिवशी आत्माराम जेवला नाही. अंगणात जमिनीवर काडीने रस्ता काढत बसला. वापी, सुरत, भरूच, बडोदा, धंधुका, भावनगर, मग महुवा. पंढरीने वर उभं राहून ते चित्र पाहिलं आणि पोट धरून हसला.

"अरे, महुवा तर समोर हाय! होडीचं नाक वायव्येला धरलंस तर उद्या किनारा दिसंल. आणि तू आख्ख्या आखाताला वळसा घालून जाणार?"

"आणि गाडी कशात आणू दादा? जाळ्यात?"

"आण की! बोंबलापेक्षा जरा मोठी असंल, एवढंच!"

मित्रांनो, मला मात्र तो वळसा फार आवडला. एवढा लांबचा रस्ता! त्यात एखादं चाक फुटणारच, आणि मग मी.

पण आमच्या घरात निघायचं कधी, हे पंचांगावर नव्हे तर पाण्यावर ठरायचं. पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला उधाण असतं. पाण्याला ओढ असते, म्हणून जाळ्यात मासळी येते. तेव्हा घरातला एकही हात मोकळा नसतो. अष्टमीच्या सुमारास पाणी मंद होतं, त्याला भांग म्हणतात. त्या चार-पाच दिवसांत जाळी काढून ठेवतात. तेव्हाच जायचं आणि पुढचं उधाण लागायच्या आत परत यायचं.

पहिल्या भांगाला सगळी तयारी झाली. दोरखंड, पाण्याचा डबा, भाकऱ्या, सुकटीची चटणी. तेवढ्यात तारापूरहून नातेवाईक आले. हळदीला बँडवाले आणायला जीप पाहिजे! लग्नं सगळी भांगातच निघतात, कारण तेव्हाच माणसं रिकामी असतात. जीप हळदीला गेली आणि प्रवासाच्या भाकऱ्या मुलांनी ओट्यावर बसून खाल्ल्या.

दुसऱ्या भांगाला पंढरीच्या होडीचं इंजिन उघडावं लागलं. तेही भांगातच उघडतात. आत्माराम चार दिवस इंजिनाखाली उताणा. तिसऱ्या भांगाला दामूला ताप आला. चौथ्याला पुन्हा हळद. प्रत्येक वेळी दोरखंड चढायचा आणि उतरायचा. हिरावहिनी म्हणायची, "एवढ्या भाकऱ्यांत आपण चालत जाऊन आलो असतो." मी खोळीच्या अंधारात नुसती चरफडायची. ज्याला कुठे जायचंच नाही, त्याला थांबण्याचं काही वाटत नाही. रोज निघायचं म्हणून तयार असलेल्याला विचारा.

माघ संपता संपता दामू पुन्हा आला. आता त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "शेठ त्या जागेवर गोदाम बांधतोय. फाल्गुनातल्या दशमीला सकाळी पायाची पूजा हाय. तोवर ठेवतो म्हणाला. दशमीला भंगारवाला येऊन उचलणार."

आत्माराम बोटं मोजून म्हणाला, "होळीच्या आधीचा भांग. अष्टमीला पहाटे निघू, नवमीला संध्याकाळी तिथं. आता हळद असो नायतर काय असो, जीप कोणाला देणार नाय."

त्याची आई मैनाबाई ओट्यावर बोंबील निवडत होती. ती म्हणाली, "जा रे बाबा एकदाचा. ती गाडी आण नायतर डोक्यातून काढ."

सप्तमीला भांग लागला. खाडीत होड्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. पाणी हललं की शेजारची होडी आमच्या होडीच्या फळ्यांवर आपटायची. असं होऊ नये म्हणून होडीच्या कडेला जुने टायर बांधतात, ते तुम्ही पाहिलं असेल. आमच्या होडीचा एक टायर झिजून चिरफाळला होता. पंढरीने इकडे तिकडे पाहिलं. अंगणात जीप उभी होती आणि तिच्या पाठीवर मी. चांगली जाड, कामाविना लटकलेली.

"चार लागतात तर पाचवा कशाला मिरवायचा?" असं म्हणत त्याने खलाशांना हाक मारली. पहारीने त्यांनी मला लोखंडी रिंगपासून सोडवलं. ट्यूब ओट्यावर टाकली, तीही मुलांनी खाडीत पोहायला नेली. मग पंढरीने एक गोष्ट केली, ती अगदी चांगल्या मनाने. खोळ लोंबकळलेली बरी दिसेना, म्हणून होडीचा तो चिरफाळलेला टायर त्याने रिंगवर चढवला आणि वर खोळ नीट बांधली. कोळ्याच्या हिशोबाने टायर तो टायर. धक्का खाण्यापुरता असला की झालं. यात सांगण्यासारखं काही आहे, असं त्याच्या मनातही आलं नाही.

आत्माराम तेव्हा बोईसरला डिझेल भरायला कॅन घेऊन गेला होता.

अष्टमीची पहाट मी होडीच्या कुशीला बांधल्या अवस्थेत पाहिली. वर अंगणात आत्माराम कंदील घेऊन जीपभोवती फिरत होता. त्याने तेल पाहिलं, पाणी पाहिलं, पट्टा ओढून पाहिला, चारही चाकं ठोकून पाहिली. मागे आला. खोळीवर एक थाप मारली आणि म्हणाला, "चल गो बाय." खोळ काही त्याने उचलली नाही. दामू शेजारी बसला, हिरावहिनीने भाकऱ्यांचं गाठोडं दिलं आणि जीप गेली. ज्या रस्त्यासाठी मी वर्षानुवर्षं खोळीत कुढले, त्या रस्त्यावर माझ्या नावाने एक चिरफाळलेला टायर निघाला. माझ्यासमोर पाणी होतं आणि पाण्यापलीकडे, पंढरी म्हणायचा तसं, महुवा.

द्वादशीला दुपारी जीप परत आली. मागे काही ओढून आणलेलं नव्हतं. मुलं धावत गेली आणि हळूहळू मागे सरली. आत्माराम खाडीवर आला. पंढरी होडीत बसून जाळं सांधत होता.

"गाडी कुठं हाय?" पंढरीने विचारलं.

आत्माराम होडीच्या कडेपाशी थांबला. त्याची नजर माझ्यावर पडली होती. तो वाकला, माझ्या नक्षीत बोट घालून पाहिलं.

"ही हितं हाय होय," तो म्हणाला.

मागून आलेल्या दामूनेच मग सांगितलं. "धंधुक्याच्या अलीकडे पुढचं चाक फुटलं. पंक्चर नाय, फाटलंच. तिथं झाड नाय, घर नाय, नुसती खारी जमीन. आमी म्हटलं, काय नाय, स्टेपनी हाय. खोळ उघडली तर आत ह्यो... ट्यूबबी नाय! नवमीची दुपार गेली, रात्र गेली. दशमीला पहाटे एक ट्रक थांबला, त्याच्यासोबत मी जाऊन टायर आणला. महुव्याला पोचलो तर दुपार. शेठ चांगला माणूस, म्हणाला, सकाळपर्यंत वाट पाहिली. आमी भंगारवाल्याकडे धावलो."

"मंग?"

"घण घालून तोडली होती. ह्यानं इंजिनाचा एक तुकडा उचलला, बघितला, परत ठेवला."

पंढरीने हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाला, "आत्माराम, शिव्या घाल रे मला. मला काय ठाऊक... टायर तो टायर, असं वाटलं."

"तुझं बरोबरच हाय दादा. होडीला पाहिजे होता."

तो हे रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. पंढरी उठला, माझा दोर सोडायला लागला. ओला दोर सुटेना, तर सुरीने कापला.

मैनाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. ती दोघांनाही म्हणाली, "एकानं इचारलं नाय, दुसऱ्यानं बघितलं नाय. मंग ती गाडी तरी कशाला थांबेल?"

दोघं भाऊ मान खाली घालून उभे राहिले. चाळिशीची माणसं, पण आईसमोर शाळेतल्यासारखी.

त्याच संध्याकाळी पंढरीने मुलांकडून ट्यूब मागून घेतली आणि स्वतः मला रिंगवर चढवलं. धंधुक्याहून आणलेला टायर जुना निघाला होता, म्हणून आत्मारामने मलाच पुढच्या उजव्या बाजूला लावलं. होळीच्या सकाळी आम्ही पालघरच्या बाजाराला निघालो. मित्रांनो, मला प्रथमच रस्ता समोरून येताना दिसला. याच्यासाठीच तर मी जीव टाकत होते. पण वर बसलेला माणूस पूर्वी गाडीच्या आवाजाबरोबर गुणगुणायचा, तो आता गप्प होता. मला माझा रस्ता मिळाला, तो त्याच्या गाडीच्या बदल्यात. असा आनंद चघळता येत नाही.

मी त्यानंतर पुष्कळ पळाले. नक्षी गेली, अंग गुळगुळीत झालं. तक्रार नाही. तुम्हाला मात्र एक विनवणी आहे. जी वस्तू रोज लागत नाही, तिला रिकामी समजू नका. छत्री, बादलीचा दोर, कंदिलाची काच, औषधाची डबी, सगळ्या तुमच्यासाठीच थांबलेल्या असतात. त्या उचलायच्या असतील तर विचारा. आणि घराबाहेर पडताना त्यांच्यावर नुसती थाप मारून जाऊ नका, उघडून बघा.

आत्माराम पुढे तसंच करायला शिकला. पालघरला जायचं असो की नुसतं बोईसरला, आधी तो मागे यायचा, नव्या स्टेपनीची खोळ उचलायचा आणि अंगठ्याने रबर दाबून पाहायचा. एकदाही चुकला नाही. मी पुढच्या चाकावरून ते रोज पाहायची. त्याचा तो अंगठा फक्त एका अष्टमीच्या पहाटे हवा होता.