हणमंतआबांची कुत्री

लेक कुत्र्याचे दात घासतेय, हे हणमंतआबांनी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा चहाचा कप त्यांच्या हातात तसाच राहिला.

"सीमे, काय चाललंय ह्ये?"

"दात घासतेय आबा. वीकमध्ये दोनदा घासावे लागतात. डॉक्टरांनी सांगितलंय."

"सत्तर वर्सं झाली. माजं कुनी घासलं न्हाईत."

"तुमचे तुम्हाला घासता येतात," सीमा म्हणाली आणि मफिनचं तोंड टॉवेलानं पुसून मोकळी झाली.

मफिन म्हणजे मांजराएवढं पांढरं कुत्रं. ते भुंकतं का खोकतं, हे आबांना महिनाभर कळलं नव्हतं. त्याला स्वेटर होता, पावसाचा कोट होता आणि झोपायला आबांच्या गादीपेक्षा मऊ गादी होती. जावई निमिष पुण्याचा, शिकलेला, कंप्युटरवर मोठ्या हुद्द्यावर. रोज सकाळी तो हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन ह्या कुत्र्याच्या मागं फिरायचा आणि त्यानं केलेलं उचलून घरी आणायचा. आबांनी ते पाहिलं आणि दोन दिवस जावयाच्या तोंडाकडं बघितलं नाही.

"ह्यासाठी बघितलं व्हतं का गं म्या शिकल्यालं स्थळ?" ते लेकीला हळूच म्हणाले.

"आबा, इथे सगळेच उचलतात."

"तेच म्हनतोय. समदा गावच उचलतोय."

घर सातासमुद्रापार, क्युपर्टिनो गावाच्या अगदी कडेला. मागं लाकडी कुंपण, कुंपणापलीकडं कोरडा ओढा, आणि त्याच्या पलीकडं वाळक्या गवताचा पिवळाधमक डोंगर. जूनचं ऊन वर आलं की गवताचा करपट वास घरात यायचा. आबांनी अंगणातली माती उकरून पाहिली होती. काळी, चिकट, भेगाळलेली. पाणी दाखवलं की फुगायची. तिच्यात त्यांनी मेथीचा वाफा घातला. माती चांगली हाय, माणसंच वाया गेल्यात, असं त्यांचं पक्कं मत झालं.

ओढ्याच्या वाटेवर पाटी होती. सीमानं ती वाचून दाखवली होती. "इकडे कायोटी फिरतात, आबा. मफिनला एकटं बाहेर सोडू नका."

"आनि ती काय चीज?"

"कोल्ह्यासारखा असतो."

"कोल्ह्याला भ्यानारी तुमी मानसं," आबा म्हणाले आणि विषय तिथंच संपला.

सीमा ऑफिसला गेली आणि निमिष वरच्या खोलीत दार लावून मीटिंगला बसला, की घर सुनं व्हायचं. अशाच एका दुपारी आबा वाफ्याला पाणी देत होते. कुंपणाची एक फळी खालून निखळली होती, तिच्या फटीतून दोन डोळे बघत होते. पिवळट अंग, लांब तोंड, मोठे कान, पोट खपाटीला गेलेलं. आबांनी इथं आल्यापासून बिनमालकाचं कुत्रं बघितलं नव्हतं. त्यांना एकदम बरं वाटलं. वाकून पाहिलं तर आचळं लोंबत होती.

"लेकुरवाळी हायेस व्हय गं," ते म्हणाले. "आनि ह्या गावात तुला कोन इचारत न्हाई."

त्यांनी आतून रात्रीची चपाती आणून टाकली. कुत्रीनं ती उचलली आणि ओढ्यात उतरली. दुसऱ्या दिवशी ती परत आली. मग रोजच यायला लागली. आबांनी फळी आणखी सरकवून ठेवली. चपातीवर भागेना, तेव्हा रात्रीच्या जेवणातली हाडं आणि मफिनच्या डब्यातलं उकडलेलं चिकन जाऊ लागलं. मोजूनमापून शिजवलेलं ते चिकन तिला घालताना आबांना वेगळाच आनंद व्हायचा.

"खा. तुजं दात कोन घासतंय? तरी कसं हायेत बघ, लखलखीत."

पुढं ती फटीतून आत येऊन बसायची. चार हातांवर बसून आबांच्या तोंडाकडं बघायची. शेपूट मात्र हलवत नसे. एवढी एक गोष्ट आबांच्या ध्यानात यायला हवी होती.

शनिवारी सकाळी आबा मेथी खुडत होते. सीमानं दार उघडून मफिनला अंगणात सोडलं. "आबा, दोन मिनिटं बघाल का ह्याच्याकडे?" असं म्हणून ती आत वळली. आबांनी मान हलवली. तेवढ्यात कुत्री फटीतून आत आली आणि रोजच्यासारखी सरळ आबांकडं चालत निघाली. मफिन खोकल्यासारखं भुंकत मधे धावलं. तिनं चाल मोडली नाही. वाकली, त्याला पाठीला धरून उचललं आणि वळली. चपाती उचलावी इतकं सहज.

"आगं ए. टाक त्याला," आबा म्हणाले. अजून त्यांना वाटत होतं, ती ऐकेल.

मफिन जे किंचाळलं, त्यानं ते भानावर आले. ते धावले. फटीत ती तोंडातल्या ओझ्यासकट अडकली, म्हणून साधलं. आबांनी पाण्याच्या नळीनं तिच्या कंबरेवर फटके ओढले, दोनदा, तीनदा. तिनं मफिनला टाकलं आणि निसटली. सीमा अनवाणीच धावत आली. पांढऱ्या केसांतून रक्त गळत होतं.

"कायोटी होता ना? आबा, कायोटी होता?"

"कुत्री हाय ती," आबा म्हणाले. "वळखीची."

सीमानं त्यांच्याकडं बघितलं. मग तिची नजर सरकवलेल्या फळीकडं गेली, फळीखालच्या हाडांकडं गेली. ती मफिनला टॉवेलात गुंडाळून निमिषबरोबर गाडीत बसली.

मफिन वाचलं. पाठीला टाके पडले, गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं आलं. संध्याकाळी मात्र सीमाला कंठ फुटला.

"महिनाभर आम्हाला हसताय. आम्ही येडे, आमचं कुत्रं येडं, आमचं गाव येडं. आणि तुम्ही काय केलंत, तर जंगली जनावराला हातानं आत बोलावलंत. त्या पाटीवर लिहिलंय आबा. चार वर्षांच्या पोराला कळतं ते."

आबा खाली मान घालून ऐकत होते. निमिष मधे पडला, "जाऊ दे ना, यार. मुद्दाम नाही केलं त्यांनी." जावयाची ही दया आबांना लेकीच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबली.

दुसऱ्या दिवशी प्राण्यांच्या खात्यातली एक तरणी बाई आली. फळी बघितली, हाडं बघितली आणि विचारलं, हिला खायला कोण घालत होतं? सीमाची नजर आबांकडं वळली.

"सांग तिला, म्या घालत व्हतो," आबा म्हणाले.

बाई रागावली नाही. शांतपणे बोलत राहिली आणि सीमा मराठीत सांगत गेली. खायला मिळालं की हे जनावर माणसाला भीत नाही. पुढं कुणाला चावलं की त्याला मारावं लागतं. वाचवायचं असेल तर एकच उपाय, खाणं बंद आणि दिसली की ओरडून, भांडी वाजवून हाकलायचं. दगड टाकायचा, पण अंगावर नाही. तिला माणसाची भीती परत बसली पाहिजे.

"पिलं हायेत तिला," आबा म्हणाले.

"म्हणूनच, असं म्हणतात त्या," सीमा म्हणाली.

आबांनी फळी खिळे मारून घट्ट केली. दुपारी परात आणि लाटणं घेऊन मागच्या फाटकातून ओढ्याच्या काठावर जाऊन उभे राहिले. ती आलीच. त्यांना बघून बसली, कान टवकारले.

आबांनी परात बडवली. ती बसून राहिली. तिला वाटलं, परातीतून काहीतरी येतंय.

"ऊठ, भिकारडे," आबा ओरडले. "फुकटखाऊ, लाचार कुठली. डोंगरात उंदीर मेलं का सगळं? मानसाच्या दारात बसतीस, लाज न्हाई? तुज्यापरीस ते मफिन बरं. त्येला निदान कळतं आपुन कोन हाय ते."

तिनं मान कलती केली.  खाली वाकून त्यांनी दगड उचलला आणि तिच्या पुढ्यात हाणला. माती उडाली. ती उठून चार पावलं गेली, थांबली, वळून बघू लागली. आबांनी दुसरा हाणला. आयुष्यभरात बैलाला दिल्या नव्हत्या तसल्या शिव्या दिल्या. सीमा कुंपणाआड उभी राहून ऐकत होती. तिनं त्यांना थांबवलं नाही.

हे रोज चाललं. रोज ती थोडी लांब बसायची आणि आबा घसा फुटेस्तोवर तिचा उद्धार करायचे. शेजारची गोरी म्हातारी हे बघून आत जायची आणि दार लावून घ्यायची.

मग एका सकाळी ती समोरच्या डोंगरावर दिसली. मागं तीन पिलं होती. आबा नुसते फाटकात आले, हातात परातही नव्हती. त्यांना बघताच ती दचकली आणि शेपूट खाली घालून पळत सुटली. गवतात दिसेनाशी झाली. एक पिलू मात्र जागेवरच थांबून आबांकडं टकामका बघत राहिलं.

"शिकली एकदाची," आबा पुटपुटले. डोळे पुसून ते दगड शोधायला वाकले. "आता पोरास्नीबी शिकीव की गं, रांडे."